घाटात पोटरीला गोळा येतो तो नेमका कशानं?

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तुळजापूरच्या घाटात एक पोरगा सायकलसकट कठड्याला टेकून उभा होता. उजवा बूट अजून पॅडलमध्ये अडकलेला, डावा पाय जमिनीवर, आणि दोन्ही हातांनी उजवी पोटरी घट्ट धरलेली. कातडीखाली लिंबाएवढा गोळा वर आलेला मला चार हातांवरून दिसत होता. तो थरथरत होता, आत काही जिवंत असल्यासारखा. बोट लावून पाहिलं तर लाकडासारखा टणक.

भोवती आम्ही चार-पाच जण जमलो. एकानं मिठाची पुडी काढली, दुसऱ्यानं केळं सोलून हातात दिलं, तिसऱ्यानं बाटलीतलं पाणी पोटरीवर ओतलं. आमच्यातल्या एका वयस्क काकांनी मात्र काही न बोलता त्याचा बूट पॅडलमधून सोडवला, गुडघा सरळ केला आणि चवडा हळूहळू नडगीकडे दाबत नेला. अर्ध्या मिनिटात गोळा विरला. केळ्याचा पहिला घास अजून पोराच्या तोंडातच होता.

"दादा, निघाल्यापासून ओआरएसच्या दोन बाटल्या संपवल्यात," तो म्हणाला. "मग मीठ कमी कसं पडलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय संघ आपल्या ओळखीच्या घाटांतून सायकली दामटताना लोकांनी पाहिले, आणि तेव्हापासून आमच्या सोलापुरात होटगी रस्त्यावर, अक्कलकोट रस्त्यावर पहाटे नवे चेहरे दिसू लागले आहेत. कुणी छोट्या शर्यतीची तयारी करतोय, कुणी दोनशे किलोमीटरच्या राईडची. आणि जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी हाच प्रश्न विचारतो. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनाही तो पडतो. गोळा, पेटका, वांब, शीर चढणं, क्रॅम्प, नावं निराळी पण दुखणं तेच.

## आधी स्नायूचं काम समजून घेऊ

स्नायूला दोनच गोष्टी येतात, आवळणं आणि सैल पडणं. पॅडल मारताना पोटरी मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा आवळते आणि तितक्याच वेळा सैल पडते. हे तिचं ती ठरवत नाही. हुकूम पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींकडून येतो.

या चेतापेशींना सतत दोन बातमीदार खबर देत असतात. एक स्नायूच्या पोटात बसलेला असतो. तो लांबीवर लक्ष ठेवतो आणि स्नायू जरा ताणला गेला की कळवतो, "आवळा". दुसरा स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या दोरीसारख्या भागात, म्हणजे कंडरेत बसतो. तो ओढ मोजतो आणि ती फार वाढली की कळवतो, "आता सोडा". दोघांच्या बातम्यांचा तोल सांभाळून कणा हुकूम काढतो.

आपल्या गावात यंत्रमाग पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी एक सोय त्यात असते. माग चालतो मोटरवर, पण कापड नीट राहतं ते या सोयीमुळे. ती ढिली पडली तर मोटरमध्ये काही बिघाड नसूनही माग चालतच राहतो आणि कापडाची वाट लागते. पोटरीत गोळा येतो तेव्हा असंच होतं. स्नायू खूप थकला की पहिला बातमीदार जास्तच ओरडायला लागतो आणि दुसऱ्याचा आवाज बारीक होतो. "आवळा, आवळा" एवढंच कण्यापर्यंत पोचतं आणि "सोडा" पोचतच नाही. स्नायू आवळलेलाच राहतो.

काकांनी चवडा दाबून पोटरी ताणली, तेव्हा कंडरेवरची ओढ वाढली आणि गप्प बसलेला दुसरा बातमीदार बोलायला लागला. मिठाचा कणही रक्तात गेला नव्हता, तरी गोळा गेला.

## मग मिठाची गोष्ट आली कुठून?

ती खोटी नाही, अर्धी आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या कोळसा खाणींतल्या मजुरांना पेटके येत. जहाजांच्या भट्टीपुढे कोळसा लोटणाऱ्यांचीही तीच तक्रार होती. ही माणसं भयंकर उष्णतेत तासन् तास घाम गाळत आणि वरून नुसतं साधं पाणी पीत. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर त्यांचा त्रास कमी झाला. तेव्हापासून पेटका म्हणजे मीठ कमी, असं समीकरण बसलं आणि खेळाच्या मैदानावरही तेच लागू झालं.

अडचण अशी की रक्त सगळ्या अंगात एकच असतं. मीठ कमी पडल्यानंच गोळा येत असेल तर तो हातात, पाठीत, जबड्यातही यायला हवा. सायकलस्वाराला तो येतो पोटरीत, मांडीच्या मागे किंवा गुडघ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे जो स्नायू राबतोय तिथेच.

दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्य मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आयर्नमॅन शर्यतीतले २१० स्पर्धक होते. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, अशी ती शर्यत असते. गोळे आलेले आणि न आलेले यांच्यात पाणी किती कमी झालं किंवा रक्तात सोडियम किती उरलं, याचा फरक गोळ्याचं कारण ठरावा असा निघाला नाही. फरक दोन गोष्टींत होता. गोळे आलेले लोक जास्त वेगानं गेले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे आले होते.

म्हणजे ज्या कामाची सवय नाही ते काम, सवय नसलेल्या जोरानं, बराच वेळ. माझ्या मते गोळा टाळायच्या तयारीचा बराच मोठा भाग या एका वाक्यात येतो, आणि आपण मात्र सगळं लक्ष बाटलीत काय घालायचं याच्यावर लावतो.

## सपाट रस्त्यावर घडलेले पाय

सोलापूर पठारावर आहे. पुणे रस्त्यानं मोहोळपर्यंत जाऊन या, विजापूर रस्त्याला लागा किंवा अक्कलकोटला दर्शन घेऊन परत या, चढ असा नाहीच. आपला सराव सीटवर बसून, एकाच लयीत, एकाच गिअरमध्ये होतो. मग तोच माणूस तुळजापूरच्या घाटाला लागतो किंवा मुंबई–पुणे शर्यतीचं स्वप्न घेऊन बोरघाटात जातो. तिथे पहिला चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात आणि प्रत्येकाला तो व्हायचं असतं. सीटवरून उठून, हँडल ओढत, चवड्यावर जोर देत चढावं लागतं. पोटरी, मांडी, कंबर यांची ठेवण बदलते. पाय तेच असले तरी त्यांच्यासाठी हे नवीन काम असतं.

माझंही असंच झालं होतं. पहिल्या दोनशे किलोमीटरच्या राईडसाठी मी तीन महिने न चुकता सराव केला. साडेतेरा तासांची मुदत, वेग माझ्या आवाक्यातला. पण सगळा सराव पहाटे पाच ते आठ आणि सगळा सपाटीवर. दीडशेव्या किलोमीटरला, दुपारी दोनच्या उन्हात, एका साध्या चढावर दोन्ही मांड्या मागून एकदम आवळल्या. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली पडून राहिलो आणि पायांकडे बघत बसलो. त्या पायांनी अशा चढावर, अशा उन्हात आणि इतक्या थकव्यानंतर कधी काम केलंच नव्हतं.

म्हणून सराव शर्यतीसारखा हवा. घाट असेल तर घाटात जा. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, पंधरा दिवसांतून एकदा जमतं. तेही जमत नसेल तर उड्डाणपुलावर आठ-दहा फेऱ्या मारा, दोन बसून, एक उभं राहून. पावसाळ्याच्या तोंडी पुणे रस्त्यावर पश्चिमेचा वारा छातीवर येतो. त्या वाऱ्याला जड गिअरमध्ये भिडणं हा आपला फुकटचा घाट आहे. लांबी हळूहळू वाढवा. ज्याची आजवरची सगळ्यात लांब राईड साठ किलोमीटरची आहे त्यानं शंभरच्या शर्यतीत नाव घातलं, तर शेवटच्या चाळीसमध्ये काय होणार ते आधीच ठरलेलं असतं.

शर्यतीच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र पायांना विश्रांती द्या. आदल्या दोन दिवसांत जीव तोडून केलेल्या सरावानं स्नायूंत बारीक इजा राहते, आणि असे दुखरे पाय घेऊन सुटणाऱ्यांना गोळे जास्त येतात.

## ऊन हीसुद्धा सवयीचीच गोष्ट

मार्चनंतर सोलापुरात नऊ वाजताच डांबर तापतं, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवख्याला वाटतं, उन्हाचं काय करणार! पण शरीर ऊन शिकतं. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उन्हात हलका व्यायाम केला की घाम लवकर सुटायला लागतो, भरपूर येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मीठ वाचवायचं शरीर स्वतःच शिकतं.

तेव्हा शर्यत अकरा वाजेपर्यंत चालणार असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांतल्या काही राईड सकाळी आठला सुरू करा. सावकाश, बरोबर कुणाला तरी घेऊन, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सावलीत थांबून.

## पहिला अर्धा तास

झेंडा पडला की सगळे सुसाट सुटतात. गर्दी असते, ओरडा असतो, पाय ताजे असतात. याच अर्ध्या तासात उरलेल्या दोन तासांचं भवितव्य ठरतं. आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा ताशी तीन-चार किलोमीटर जास्त ही गोष्ट तेव्हा काहीच वाटत नाही, पण स्नायू त्याचा हिशेब ठेवत असतो.

पहिले पंधरा किलोमीटर शेजारच्याशी तुटक का होईना बोलता येईल एवढ्याच जोरात जा. पुढच्याच्या मागच्या चाकाला धरून राहा, वारा तो कापेल. गिअर हलका ठेवा, पाय जास्त फिरले तरी चालतील. जड गिअरमध्ये मिनिटाला साठ वेळा दाबण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पंच्याऐंशी वेळा फिरवणं स्नायूला सोपं जातं.

सायकलची सीट एकदा नीट बघा. बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेलं तर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. सीट फार उंच असेल तर दर फेरीला पायाची बोटं खाली रोखून पॅडल गाठावं लागतं, म्हणजे पोटरी आखूड स्थितीतच आवळत राहते. आखूड स्नायूत कंडरेवर ओढ पडत नाही, त्यामुळे "सोडा" म्हणणारा बातमीदार झोपलेलाच राहतो. रात्री पांघरुणाखाली पाऊल ताणलं की अचानक वांब येतो, तोही याच कारणानं. घाटातल्या त्या पोराची सीट चांगली दोन बोटं वर होती.

## मग पाणी, मीठ, केळं सगळं सोडून द्यायचं?

मुळीच नाही. पाणी आणि मीठ कमी पडलं तर माणूस लवकर थकतो, आणि थकलेल्या स्नायूत गोळा येतो. सोलापूरच्या उन्हात याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे. फक्त मिठाच्या भरवशावर सराव चुकवू नका, एवढंच माझं म्हणणं.

एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जातं. माणसामाणसात इतका फरक असतो, म्हणून मित्राचं माप आपल्याला लागू पडत नाही. राईडनंतर वाळलेल्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमचा घाम खारट आहे. घाम किती येतो तेही घरीच मोजता येतं. निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा. पासष्ट किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलोपेक्षा जास्त घटत असेल तर तो कमी पितोय. आणि वजन वाढलं असेल तर जास्त पितोय, हे तर त्याहून वाईट.

नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, थेट दवाखाना गाठा.

माझ्या पाऊण लिटरच्या बाटलीत सपाट पाव चमचा मीठ, तीन चमचे साखर आणि अर्धं लिंबू असतं. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यांनी मिठाचं माप आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

खाण्याकडेही बघा. स्नायूत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत संपत येते. त्यानंतरचा थकवा पाण्यानं जात नाही. दोन तासांहून लांब शर्यतीत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात जायला हवेत. दोन केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. भूक लागायची वाट पाहू नका, अर्ध्या तासानं थोडं थोडं खा. खिशातली शेंगदाण्याची चिक्की चांगलीच, पण उन्हात घशाला कोरड पडल्यावर ती गिळत नाही, म्हणून पहिल्या तासातच संपवा.

## "पण केळं खाल्लं की माझा गोळा जातो"

केळं शर्यतीसाठी उत्तम आहे, ते साखरेमुळे. त्यातलं पोटॅशियम पचून रक्तात उतरायला बराच वेळ लागतो, आणि गोळा त्याआधीच गेलेला असतो. केळं खाण्यासाठी तुम्ही थांबलात, पाय सरळ केलात, काम बंद झालं, ते औषध ठरलं.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही तसंच. वयस्क माणसांना रात्री येणाऱ्या पेटक्यांवर त्यांच्या चाचण्या झाल्या आणि म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. ज्याच्या रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी आहे त्याची गोष्ट वेगळी. क्विनीनची गोळी मात्र कुणी सुचवली तरी घेऊ नका. पायाच्या पेटक्यांसाठी ती घेऊन रक्ताचे आणि हृदयाचे गंभीर त्रास झालेले आहेत.

लोणच्याच्या पाण्याची कथा मला फार आवडते. २०१० साली अमेरिकेतल्या केविन मिलर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात पायाच्या एका छोट्या स्नायूत विजेच्या हलक्या धक्क्यांनी मुद्दाम गोळा आणला गेला. व्हिनेगरात मुरवलेल्या काकडीच्या लोणच्याचं थोडं पाणी प्यालेल्यांचा गोळा साधं पाणी प्यालेल्यांपेक्षा सुमारे ४९ सेकंद लवकर गेला. एवढ्या वेळात ते पाणी रक्तात पोचणंच शक्य नव्हतं, आणि रक्त तपासलं तेव्हा त्यात फरकही नव्हता. म्हणजे आंबट झणका घशाला लागला आणि घशातून कण्याकडे गेलेल्या संदेशानं त्या आरडाओरड्याला आळा घातला, असा तर्क आहे. रॉडरिक मॅकिनन यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना स्वतःला कायाक वल्हवताना गोळे येत, म्हणून त्यांनी याच विचारानं आलं, दालचिनी आणि मिरचीचं पेय तयार केलं. तिखटाचा झणका कुठवर पोचतो हे शेंगाचटणी खाऊन वाढलेल्या माणसाला सांगायला नको. त्या पेयाचा गुण मात्र सगळ्यांना सारखा आलेला नाही. लोणच्याचा खार आपला लिंबाचा असतो, व्हिनेगराचा नाही, पण चमचाभर चाटून पाहायला हरकत नाही. गोळा आल्यावर तो घालवायचा हा उपाय आहे, त्यानं पुढचा गोळा टळत नाही.

## डॉक्टरांकडे कधी जायचं

काम न करणाऱ्या स्नायूंतही, सगळ्या अंगात पेटके येत असतील, लघवी काळ्या चहासारखी झाली असेल, किंवा तापलेल्या अंगाचा माणूस भ्रमिष्टासारखा बोलत असेल तर तो साधा गोळा नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णालयात हलवा. शर्यत नसतानाही वारंवार गोळे येत असतील तर आपल्या चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. कोलेस्टेरॉलच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनीही असं होतं.

## आणि रस्त्यात आलाच तर

गोळा येण्याआधी स्नायू फडफडतो, बारीक टोचल्यासारखं होतं. तेव्हाच दोन गिअर हलके करा आणि पॅडलवर टाच खाली दाबून पोटरी ताणा. चपला-बूट पॅडलला अडकणारे असतील तर पाय आत्ताच मोकळा करून ठेवा. एकदा मांडी मागून आवळली की टाच वळवून बूट सोडवणं कठीण होतं, आणि तुळजापूरचा रस्ता म्हणजे ट्रकांची वर्दळ असलेला राष्ट्रीय महामार्ग आहे. तिथे आडवं पडून चालणार नाही.

कडेला, रस्त्यापासून लांब थांबा. पोटरी असेल तर गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढा. मांडीची मागची बाजू असेल तर टाच दगडावर ठेवून, गुडघा सरळ करून कमरेतून पुढे वाका. पुढची बाजू असेल तर घोटा धरून टाच मागे कुल्ल्याला लावा. हिसका देऊ नका. वीस-तीस सेकंद तसंच धरा, सोडा, पुन्हा धरा. रगडून मालिश करायची घाई नको. दोन घोट मीठ-साखरेचं पाणी प्या, काहीतरी खा, आणि पुढची दहा मिनिटं मघापेक्षा कमी जोरात जा.

त्या दिवशी काकांनी खिशातून पाना काढून पोराची सीट दोन बोटं खाली घेतली. उरलेला घाट तो सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, बसून, टाच खाली ठेवून चढला. काका त्याच्या मागेच होते आणि दर वळणाला एकच शब्द म्हणत होते, "सावकाश". तुळजापूर येईपर्यंत त्याला पुन्हा थांबावं लागलं नाही.